एक कार्बन कुठं बसलाय? बोरॉन कार्बाइडची दीडशे वर्षांची गोष्ट

ज्यांची बसमध्ये रेंज गेली, ज्यांचा हेडफोन घरी राहिला किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, थोडी साफसफाई करून.

गोष्ट सुरू होते गेल्या गणपतीत. माझा मावसभाऊ सुट्टीवर आला होता. तो फौजेत आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. घरटी एक तरी माणूस सैन्यात, ही त्या गावाची ओळख. आमच्या मावशीचं गावही त्याच पट्ट्यात. जेवणं झाली, सगळे ओसरीवर बसलो आणि बुलेटप्रूफ जॅकेटचा विषय निघाला. मी विचारलं, "दादा, आत लोखंडाची प्लेट असते का रे?" तो म्हणाला, "नाही रे, आता सिरॅमिकची. हातातून पडू द्यायची नसते. पडली तर तपासायला द्यायची."

सिरॅमिक म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? चहाचा कप आणि बाथरूमची फरशी. कप ओट्यावरनं पडला तर फुटतो आणि हे बंदुकीची गोळी अडवणार? मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. दिवसभर कोड बघणारा माणूस. त्या रात्री सहज म्हणून शोधायला बसलो आणि पुढचे कित्येक शनिवार-रविवार त्यातच गेले.

त्या पदार्थाचं नाव बोरॉन कार्बाइड. सूत्र बी-फोर-सी, म्हणजे चार बोरॉनमागं एक कार्बन. पाकिटावर, पुस्तकात, सगळीकडं हेच सूत्र छापलेलं असतं. पण हे सूत्र म्हणजे अर्धंच सत्य. त्यातला कार्बनचा अणू नेमका कुठं बसलाय, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. आणि हा वाद फक्त कागदावरचा नाही. तो माझ्या भावाच्या छातीवरच्या प्लेटमधला आहे.

कॅरमची पावडर आणि गुजरीतला टाकणखार

बोरॉन लांबचा वाटतो, पण तो तुमच्या घरात येऊन गेलाय. कॅरम खेळताना बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर. आपल्या गुजरीतले सोनार किंवा हुपरीतले चांदी कारागीर डाग देताना, म्हणजे दोन तुकडे जोडताना, जो टाकणखार वापरतात, तोही बोरॉनचाच क्षार. संस्कृतात त्याला टंकण म्हणत. तिबेट-लडाखकडच्या तळ्यांतून आणि गरम झऱ्यांतून तो खाली यायचा आणि भारतातून पुढं युरोपात जायचा. तिथले व्यापारी त्याला टिंकल म्हणायचे. शब्द आपलाच, फक्त तोंड बदललं.

या क्षारातून बोरॉन हे मूलद्रव्य वेगळं निघालं १८०८ मध्ये. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही आणि पॅरिसमध्ये गे-ल्युसाक व थेनार यांनी ते जवळजवळ एकाच वेळी केलं.

आता बोरॉन कार्बाइड कसं बनतं बघा. बोरिक ॲसिड घ्या, त्यात कोक मिसळा आणि विजेच्या भट्टीत दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढं तापवा. ऑक्सिजन कार्बनबरोबर वायू होऊन निघून जातो आणि खाली काळा, चमकदार, भयंकर कठीण दगड उरतो. कॅरमची पावडर अधिक कोळसा, बरोबर चिलखत. ऐकायला सोपं आहे. गंमत पुढं आहे. एवढ्या उष्णतेत थोडा बोरॉन उडून जातो, थोडा कार्बन तसाच मागं राहतो. त्यामुळं एकाच भट्टीतला माल सगळीकडं सारखा नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तीन माणसं, तीन सूत्रं

हा पदार्थ पहिल्यांदा दिसला १८५८ मध्ये, दुसरंच काही बनवताना. १८८३ मध्ये जोली या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं सांगितलं, तीन बोरॉनमागं एक कार्बन. १८९४ मध्ये हेन्री मोआसाँ म्हणाला, तीन नाही, सहा. मोआसाँ काही साधा माणूस नव्हता. विजेची भट्टी त्यानंच गाजवली आणि १९०६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. मग १९३४ मध्ये चार हा आकडा ठरला आणि तोच चिकटला.

तीन, सहा, चार. वाचताना मला वाटलं, आधीच्या दोघांचं चुकलं. पण तसं सरळ नव्हतं. बोरॉन कार्बाइडमध्ये कार्बनचं प्रमाण ठरलेलं नसतंच. शंभर अणूंमध्ये साधारण आठपासून वीसपर्यंत कितीही कार्बन चालतो आणि तरी स्फटिकाचा सांगाडा तोच राहतो. बी-फोर-सी हे फक्त त्यातलं वीसचं टोक. मोआसाँचं सहाला एक हे प्रमाणही या पट्ट्यातच बसतं. मिठाचं असं होत नाही. मिठात एक सोडियमला एक क्लोरीन, विषय संपला. इथं मात्र नाव एकच आणि त्या नावाखाली पदार्थांचं अख्खं कुटुंब.

दरम्यान बाजाराला सूत्राशी देणंघेणं नव्हतं. हिरा आणि क्युबिक बोरॉन नायट्राइड यांच्या खालोखाल कठीण अशी ही वस्तू, घासायला आणि झिजेला तोंड द्यायला उत्तम. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणारा तुमचा मित्र असेल तर त्याला ब्लास्टिंगच्या नोझलबद्दल विचारा. कास्टिंगवरची वाळू आणि खपली काढायला जोरात दाणे मारतात. ते दाणे ज्या तोंडातून सुटतात ते साध्या लोखंडाचं असेल तर बघता बघता खाऊन जातं. बोरॉन कार्बाइडचं असेल तर दीर्घकाळ टिकतं.

आणि हे सगळं असून वजन किती? एका घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅम. पोलाद पावणेआठच्या आसपास. म्हणजे एक तृतीयांशापेक्षाही कमी. १९६० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं हेलिकॉप्टरच्या वैमानिकांच्या आसनांभोवती याचंच कवच बसवलं. कप फुटतो आणि ही प्लेट गोळी कशी अडवते, याचं उत्तरही इथंच आहे. प्लेट फुटतेच. पण ती इतकी कठीण असते की फुटण्याआधी गोळीचं टोक चेचून टाकते. उरलेले तुकडे मागचा धाग्यांचा थर झेलतो.

शाहू स्टेडियमवरचा बॉल

आता आत शिरू. कोल्हापूरकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडं फुटबॉल रक्तात आहे. जुन्या पद्धतीचा काळा-पांढरा बॉल डोळ्यांपुढं आणा. त्यावर काळे पंचकोनी तुकडे किती? बारा. प्रत्येक काळ्या तुकड्याच्या मधोमध एक अणू ठेवा. झाला बोरॉन कार्बाइडचा मुख्य ठोकळा, बारा अणूंचा आणि वीस त्रिकोणी बाजूंचा गोळा.

असे गोळे एका तिरक्या खोक्याच्या आठही कोपऱ्यांवर बसवा. खोक्याच्या आतून, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडं जाणाऱ्या तिरक्या रेषेवर, तीन अणूंची एक छोटी साखळी ठेवा. बारा अधिक तीन, पंधरा अणूंचं एक घर. हेच घर पुन्हा पुन्हा.

ही रचना क्ष-किरणांनी शोधली ती १९४१ मध्ये सोव्हिएत रशियात झ्दानोव्ह आणि सेवास्त्यानोव्ह यांनी आणि १९४३ मध्ये अमेरिकेत क्लार्क आणि होर्ड यांनी. जग महायुद्धात होतं आणि ही मंडळी अणू मोजत होती. त्यांचं उत्तर सुबक होतं. गोळ्यात बाराही बोरॉन, साखळीत तिन्ही कार्बन. बाराला तीन म्हणजे चाराला एक. सूत्र जुळलं, सगळे खूश.

फक्त एक अडचण होती. क्ष-किरणांना अणूतले इलेक्ट्रॉन दिसतात. बोरॉनकडं पाच, कार्बनकडं सहा. शेजारी शेजारी उभ्या जुळ्या भावांतला फरक लांबून ओळखण्यासारखं हे काम. अणू कुठं आहेत ते कळलं, पण कुठला कोण ते नाही. सुबक उत्तर सूत्राला जुळवून घेतलेलं होतं.

मी हे वाचून हसलो, कारण आमच्या धंद्यात हे रोज घडतं. डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं असतं की या रकान्यात अमुक येणार. सगळे त्यावर विश्वास ठेवतात. खरा डेटा उघडला की कळतं, निम्म्या ओळींत भलतंच भरलंय.

तारापूर मध्येच का आलं?

क्ष-किरण जमत नाहीत तर दुसरा कण घेऊ, न्यूट्रॉन. न्यूट्रॉन इलेक्ट्रॉन बघत नाही, थेट अणूच्या गाभ्याशी बोलतो. पण इथं एक गंमत झाली. बोरॉन न्यूट्रॉन खातो.

नैसर्गिक बोरॉन दोन प्रकारचा असतो, साधारण वीस टक्के बोरॉन-१० आणि ऐंशी टक्के बोरॉन-११. त्यातला बोरॉन-१० मंद न्यूट्रॉन पकडण्यात कार्बनपेक्षा लाखो पटींनी पुढं. पकडला की तो फुटून हेलियम आणि लिथियम होतो. या खादाडपणामुळंच बोरॉन कार्बाइड अणुभट्ट्यांत गेलं. आपल्या महाराष्ट्रातलं तारापूर १९६९ मध्ये सुरू झालं. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. अशा भट्टीत अधिकच्या चिन्हासारख्या पट्ट्या खालून वर सरकवतात. त्यांच्यातल्या पोलादी नळ्यांत बोरॉन कार्बाइडची भुकटी ठासलेली असते. पट्टी आत गेली की न्यूट्रॉन खाल्ले जातात आणि साखळी प्रक्रिया मंदावते. गाडीचा ब्रेकच म्हणा.

पण जो पदार्थ न्यूट्रॉन गिळतो, त्याचा न्यूट्रॉननं फोटो कसा काढणार? उपाय निघाला. फक्त बोरॉन-११ वापरून नमुने बनवायचे, कारण तो खात नाही. असे मोजमाप झाले, चुंबकीय अनुनादाचेही प्रयोग झाले आणि १९४३ चं सुबक चित्र मोडलं. साखळीच्या मध्यभागी कार्बन नव्हे, बहुतेक ठिकाणी बोरॉन बसलाय. कार्बन, बोरॉन, कार्बन. मग तिसरा कार्बन गेला कुठं? तो गोळ्यात शिरलाय. बारापैकी एका जागेवर.

बारापैकी कुठल्या? प्रत्येक गोळ्यात वेगळ्या. बॉल सगळे सारखे दिसतात, पण कुणी प्रत्येकावर एकेक काळा तुकडा वेगळाच शिवलाय आणि कुठला ते लिहून ठेवलेलं नाही. कार्बन कमी केला तर गोंधळ अजून वाढतो. काही गोळ्यांत कार्बन नसतोच, काही साखळ्यांत शेवटी बोरॉन येतो. हेल्मुट वेरहाइट हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अवरक्त किरणांच्या स्पेक्ट्रमवरून वर्षानुवर्षं सांगत आले की काही घरांत साखळीचा मधला अणूच गायब असतो. त्यावर सगळ्यांचं एकमत नाही. पण एक गोष्ट मान्य झाली. ही अव्यवस्था म्हणजे कारागिराची चूक नाही, तो या पदार्थाचा स्वभाव आहे.

माठ वाजवून बघणे

स्पेक्ट्रम शब्द आला म्हणून थांबतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

उन्हाळ्यात कुंभाराकडं माठ घ्यायला गेलात की आई काय करते? बोटानं टिचकी मारते. चांगला माठ खणखणीत वाजतो. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. डोळ्यांना चीर दिसत नाही, पण आवाज चुगली करतो.

अणूंनाही अशी टिचकी मारता येते, प्रकाशानं. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना जो परिणाम दिसला, तो हाच. एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाका. बहुतेक सगळा तसाच विखुरतो. पण अगदी थोडा प्रकाश, कोटीत जेमतेम एखादा कण म्हणा, अणूंच्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन किंवा घेऊन रंग बदलून बाहेर येतो. त्या बदललेल्या रंगावरून आत कोण कसं थरथरतंय ते कळतं. शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची रांगोळी काढायचो, ती याच शोधासाठी.

बोरॉन कार्बाइडवर लेझर टाकला की रामनच्या आलेखात टेकड्यांची एक रांग दिसते. साधारण ४८० च्या आकड्यापाशी असते ती साखळीच्या हालचालीशी जोडली जाते. १०८० च्या आसपासची मोठी टेकडी म्हणजे अख्खा गोळा श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आक्रसतो त्याची. शिस्तीतला स्फटिक असता तर रेषा सुईसारख्या टोकदार असत्या. इथं त्या पसरट असतात. प्रत्येक घर थोडं वेगळं, म्हणून प्रत्येकाचा सूरही थोडा वेगळा.

दोन-तीन नॅनोमीटरची फट

आता दादाच्या प्लेटकडं परत येऊ.

चिलखत तपासणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट माहीत होती. ठरावीक वेगाच्या गोळीपर्यंत बोरॉन कार्बाइड झकास काम करतं. पण धक्क्याचा दाब साधारण २० गिगापास्कलच्या, म्हणजे वातावरणाच्या दोन लाख पटींच्या पुढं गेला की त्याची ताकद अचानक कोसळते. त्याच्याहून मऊ सिरॅमिक टिकतात आणि हा पहिलवान बसकण मारतो. का?

२००२ मध्ये एक सुगावा लागला. हिऱ्याच्या अणकुचीदार टोकानं बोरॉन कार्बाइडचा स्फटिक दाबला आणि त्या खळग्यावर रामनचा लेझर टाकला. तिथं १३३०, १५२० आणि १८१० च्या आसपास नव्याच टेकड्या उभ्या. आधी तिथं सपाट मैदान होतं. माठ बद्द वाजला होता.

२००३ मध्ये मिंगवेई चेन, जेम्स मॅककॉली आणि केविन हेमकर यांनी गोळीबारातून उरलेले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांना स्फटिकातून धावणारे बारीक पट्टे दिसले, फक्त दोन ते तीन नॅनोमीटर रुंद. पट्ट्यांच्या आत रचना नव्हतीच. फुटबॉल नाहीत, साखळ्या नाहीत, नुसता काचेसारखा अस्ताव्यस्त अणूंचा गाळ. तडे याच पट्ट्यांवरून पळत होते. तुमच्या केसाची जाडी अशा पट्ट्याच्या हजारो पट असते. एवढ्याशा फटीवर सगळं अवलंबून.

मग प्रश्न आला, पट्टा आधी कुठं सुटतो? २००६ मध्ये संगणकावर हिशोब मांडून एका गटानं सांगितलं की साखळीत तिन्ही कार्बन असलेली घरं सगळ्यात आधी, सहा गिगापास्कलच्या आसपासच कोसळतात. बघा कसं फिरून आलं! १९४३ चं ते सुबक चित्र संपूर्ण पदार्थासाठी चुकीचं होतं, पण तशी घरं थोडीफार असतात आणि तीच कच्चा दुवा ठरू शकतात. नंतर इतरांनी वेगळी कारणंही मांडली, साखळी वाकण्याची वगैरे. वाद चालू आहे. पण आता तो वाद सगळ्यांना महत्त्वाचा वाटतो.

उपायही त्याच दिशेनं आलेत. कार्बन कमी करून बोरॉन वाढवायचा किंवा चिमूटभर सिलिकॉन घालायचं. सिलिकॉन घातलेल्या नमुन्यांत अस्ताव्यस्त पट्टे कमी होतात, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. आणि प्रत्येक वेळी तपासणी कशानं? रामनच्या टिचकीनं.

आपल्याकडं

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला हा पदार्थ नवा नव्हता, कारण अणुभट्टीसाठी तो लागतोच. तिथल्या लोकांनी अतिउष्णतेत दाबून बनवलेलं बोरॉन कार्बाइड, कार्बनच्या नॅनो-नळ्या आणि पॉलिमर वापरून जॅकेट तयार केलं. नाव दिलं भाभा कवच. तंत्रज्ञान हैदराबादच्या मिधानी या सरकारी कंपनीकडं गेलं. न्यूट्रॉन अडवायला आणलेली वस्तू गोळी अडवायला निघाली. एप्रिल २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयानं १,८६,१३८ जॅकेटांचा ६३९ कोटींचा करार एका भारतीय कंपनीशी केला. त्या जॅकेटांतही बोरॉन कार्बाइडच.

२६/११ नंतर बुलेटप्रूफ जॅकेट हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोचला. पण आपण त्याकडं एक वस्तू म्हणून बघतो. आहे किंवा नाही, चांगलं किंवा वाईट. मला या शोधातून कळलं ते एवढंच, की "बी-फोर-सी" हा शिक्का पुरेसा नाही. कार्बन किती, साखळीत कोण, भट्टीत किती मोकळा कार्बन उरला, हे सगळं त्या एका नावाखाली झाकलं जातं. सरासरी बरोबर असते आणि तरी प्लेट सगळ्यात कमजोर घरापासून फुटते. सॉफ्टवेअरमध्येही तेच. सिस्टीम सरासरी लोडवर पडत नाही, ती त्या एका विचित्र केसवर पडते.

दादा परत गेलाय. जाताना त्याला हे सगळं सांगितलं. फुटबॉल, साखळी, दोन नॅनोमीटर. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे पडू द्यायची नाही, हे बरोबरच आहे की." मी म्हटलं, "होय दादा, अगदी बरोबर आहे."

तर मंडळी, घरी कॅरम असेल तर आज बोर्डावर पावडर टाकताना एक सेकंद थांबा. तोच बोरॉन आहे. एपिसोड आवडला तर तुमच्या फाउंड्रीवाल्या आणि फौजेतल्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!